नको म्हणण्याची रीत

राजारामपुरीच्या गल्ल्या नांवापेक्षां अंकानेंच ओळखल्या जातात. पहिली, पांचवी, नववी एवढें सांगितलें कीं रिक्षावाला पुढें कांहीं विचारीत नाहीं. अशा गल्ल्यांतून पूर्वीं दुपारच्या वेळीं कल्हईवाल्याची हाक येई, आणि जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण दारांत टोपली उतरवी. घरांतील गृहिणी उंबर्‍याशीं येऊन "आज नको गं बाई" म्हणे, आणि बोहारीण टोपली उचलून पुढच्या दारीं जाई. तो नकार तिनें स्वतःच्या कानांनीं ऐकलेला असे, देणारीचा चेहरा डोळ्यांनीं पाहिलेला असे. त्याच दुपारीं तेंच दार पुन्हां वाजविणें तिचें तिलाच बरें दिसत नसे. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्यें एक उंबरठा होता, आणि त्या उंबरठ्याला मान होता.

आज विकणारा उंबरठ्याशीं थांबत नाहीं. दोनचा सुमार असतो, जेवणें आटोपून घरांत जरा सामसूम झालेली असते, आणि उशाशीं ठेवलेला फोन वाजतो. कर्ज हवें आहे काय, विमा काढावयाचा आहे काय, पुण्याजवळ भूखंड घ्यावयाचा आहे काय? "नको" म्हणून फोन ठेवावा, तर चार वाजतां दुसर्‍या नंबरावरून तीच विचारणा येते. श्रोत्यांपैकीं बहुतेकांना हा अनुभव रोजचाच असल्यामुळें त्याचें वर्णन लांबविण्याचें कारण नाहीं. विचार करावयाचा तो एवढाच कीं, बोहारणीपाशीं चालणारा तो साधा नकार येथें कां चालत नाहीं?

याचें पहिलें कारण स्वस्ताई हें आहे. भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. त्या काळीं फोन करणाराला तर पैसे पडतच, पण फोन घेणारालाहि पडत. २००३ सालापासून घेणारावरील हा भार गेला, आणि पुढें करणाराचा खर्चहि उतरत उतरत नाममात्र राहिला. बोहारणीला एका दारावरून दुसर्‍या दारीं जातांना पाय झिजवावे लागत. येथें यंत्रच एकामागून एक नंबर फिरवीत असतें. शंभरांपैकीं नव्याण्णवांनीं झिडकारलें तरी उरलेल्या एकाच्या आशेवर व्यवहार परवडतो. दुसरें कारण असें कीं, आज बोलणारी व्यक्ति एक असते, उद्यांची दुसरी. पहिलीला दिलेला नकार दुसरीच्या कानीं पडण्याची मुळीं व्यवस्थाच नसते. शब्द हवेंत विरतो. यादी तशीच राहते.

अशाच एका गल्लींतील एक घर डोळ्यांसमोर आणावें. घरांत सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि अभियांत्रिकीच्या दुसर्‍या वर्षांत असलेला नातू अशीं चार माणसें. या त्रासावर घरांतील तिघा पुरुषांनीं आपापल्या स्वभावाप्रमाणें तीन उपाय योजले होते.

आजोबांचा उपाय सौजन्याचा. "अहो बाई, माझें वय आतां चौर्‍याहत्तर, मला घर बांधावयाचें नाहीं," असें ते समजावून सांगत. समजावून सांगणारा मनुष्य फोन लवकर ठेवीत नाहीं, एवढाच बोध पलीकडे होई, आणि संभाषण वाढत जाई. मुलाचा उपाय संतापाचा. तो दोन कठोर शब्द बोलून फोन आपटी. पण त्याचा रक्तदाब वाढण्यापलीकडे त्यांतून कांहीं निष्पन्न होत नसे. नातवाचा उपाय मात्र अगदीं आधुनिक. त्यानें आपल्या आजोबांच्या फोनांत अशी योजना करून दिली कीं, ओळखीचा नंबर असेल तरच फोन वाजावा. अनोळखी नंबर आपोआप मुका व्हावा. आठ दिवस घरांत मोठी शांतता नांदली, आणि सर्वांनीं नातवाचें कौतुक केलें.

नवव्या दिवशीं गडहिंग्लजला राहणार्‍या आक्का, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भगिनी, न्हाणींत पाय घसरून पडल्या. शेजार्‍यांनीं त्यांना रुग्णालयांत पोंचविलें. तेथून भावाच्या फोनवर तीनदां फोन करण्यांत आला. नंबर अनोळखी होता. फोन वाजला नाहीं. वर्तमान कळलें तें रात्रीं आठ वाजतां, दुसर्‍या एका नातेवाइकाच्या मार्फत. हाड जुळून आक्का पुढें बर्‍या झाल्या, पण त्या रात्रीं भाऊ खाटेशीं येऊन उभा राहिल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "फोन वाजला नाहीं का रे?" त्या प्रश्नाला आजोबांपाशीं उत्तर नव्हतें. नातवानें मान खालीं घातली.

विक्रीच्या फोनांचा खरा उपद्रव येथें आहे. झोंप मोडते, डोकें उठतें, हें खरेंच. पण त्याहून मोठी हानि ही कीं, आपल्या दारावरील थापेवरचा आपला विश्वासच उडून जातो. लबाडांच्या हाकेला कंटाळून मनुष्य कान बंद करतो, आणि मग आपल्या माणसाची हाकहि बाहेरच राहते. सौजन्य, संताप आणि मौन हे तिन्ही उपाय फसतात, कारण तिन्हींत नकाराची कोठें नोंदच होत नाहीं.

त्या घरांत ही गोष्ट ओळखली ती सुनेनें. ती एका पतसंस्थेंत हिशेब ठेवणारी. नोंद नसलेला व्यवहार हा व्यवहारच नव्हे, हें तिच्या हाडीं मुरलेलें. ती म्हणाली, "मामंजी, तोंडी नकोच. आपला नकार लिहून देऊं." नकार लिहून देण्याची ही सोय कशी झाली व तिचा वापर कसा करावा, हें प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखें आहे.

२००५ सालीं एका वकिलानें या त्रासाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत जनहित याचिका दाखल केली. अमेरिकेंत असे फोन नको असणार्‍यांची देशव्यापी नोंदवही २००३ सालींच सुरू झालेली होती. आपल्याकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्याला लोक ट्राय म्हणून ओळखतात, २००७ सालीं पहिले नियम केले. ते अपुरे पडले म्हणून २०१० सालीं दुसरे, आणि २०१८ सालीं तिसरे नियम आले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं या तिसर्‍या नियमांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या.

या सर्व व्यवस्थेचा दरवाजा म्हणजे १९०९ हा नंबर. ज्या फोनवर असले फोन नको असतील त्याच फोनवरून १९०९ ला इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' हा शब्द, थोडी जागा सोडून शून्य, असा संदेश पाठविला कीं सर्व प्रकारच्या जाहिरातींना नकार नोंदला जातो. ज्यांना संदेश लिहिणें जमत नाहीं त्यांनीं त्याच नंबरावर फोन करून सांगावें. सरसकट नकार नको असेल तर बँक व विमा, घरें व जमिनी, शिक्षण, आरोग्य, प्रवास असे वेगवेगळे विषय निवडण्याचीहि मुभा आहे. नोंद फोनाची असते, घराची नव्हे. म्हणून घरांतील प्रत्येक फोनाची नोंद निराळी करावी लागते. सुनेनें एका रविवारीं चहाच्या वेळीं चारहि फोन टेबलावर मांडून हें काम पुरें केलें.

तथापि नोंद झाली म्हणजे सर्व कांहीं मिटलें, अशी समजूत करून घेऊं नये. नियम पाळणारा विक्रेता थांबतो. न पाळणारा थांबत नाहीं. नियमाप्रमाणें विक्रीचे फोन १४० या अंकांनीं सुरू होणार्‍या नंबरांवरूनच यावे लागतात, आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी कचेर्‍या यांच्या कामाच्या फोनांसाठीं १६०० ची मालिका राखून ठेवलेली आहे. साध्या दहा आंकडी मोबाईलवरून माल विकणें हाच नियमभंग होय, आणि बहुतेक त्रास तेथूनच होतो. त्यावर उपाय तक्रारीचा. कोणत्या नंबरावरून, कोणत्या दिवशीं, काय विकण्यासाठीं फोन आला, एवढें तीन ओळींत १९०९ ला कळवावें. पूर्वीं ही तक्रार तीन दिवसांच्या आंत करावी लागे. २०२५ च्या सुधारणेनें ती मुदत सात दिवसांची झाली. पूर्वीं नोंद न झालेल्या विक्रेत्यावरील कारवाईला तीस दिवस मिळत. आतां पांच दिवसांची मर्यादा आहे. आणि पूर्वीं सात दिवसांत दहा तक्रारी जमाव्या लागत, तेथें आतां दहा दिवसांत पांच पुरतात. दोष ठरल्यास पहिल्या वेळीं त्या विक्रेत्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हां तोच अपराध घडल्यास वर्षभर त्याचीं सर्व कनेक्शनें तुटतात.

पांच हा आंकडा येथें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एकट्यानें केलेली तक्रार दुबळी पडेल. पण एका गल्लींत पांच घरें तर असतातच. सुनेनें हाच विचार आपल्या भिशींतील मैत्रिणींपुढें मांडला. हळदीकुंकवाला जमणार्‍या बायकांनीं आलेला फोन एकमेकींस नुसता सांगून हंसण्याऐवजीं, ज्या त्या बाईनें आपल्याला आलेल्या फोनाची तक्रार जेथल्या तेथें नोंदवावी, एवढेंच ठरलें. संतापापेक्षां शिस्तीचा धाक मोठा असतो, याचा हा एक साधा धडा होय.

आतां एक गोष्ट आपल्याच दोषाची. आपला नंबर विक्रेत्यांच्या हातीं जातो तरी कसा? पुष्कळदां आपणच तो देतो. मुख्य रस्त्यावरील दुकानांत शंभर रुपयांची वस्तु घेतली तरी बिल करतांना "नंबर सांगा" म्हणून विचारतात, आणि गिर्‍हाईक पाढा म्हणावा तसे दहा आंकडे म्हणून मोकळें होतें. बिलासाठीं मोबाईल नंबर देण्याचा आग्रह धरूं नये, असें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२३ सालीं व्यापार्‍यांना कळविलेलें आहे. कर्जाच्या किंवा विम्याच्या कागदांत बारीक अक्षरांत संमतीची चौकट असते. तीवर खूण केली कीं १९०९ वरील नकार त्या संस्थेपुरता निष्फळ होतो, कारण स्पष्ट संमति ही सर्वसाधारण नकाराहून वरचढ मानली जाते. म्हणून सही करण्यापूर्वीं ती चौकट वाचावी. दिलेली संमति मागेंहि घेतां येते, हेंहि विसरूं नये.

विक्री निराळी आणि ठकबाजी निराळी, हा भेद घरांतील वडील मंडळींना विशेष समजावून सांगितला पाहिजे. पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचें सोंग घेऊन "तुम्हांला डिजिटल अटक केली आहे" असें कोणी सांगितलें तर तें धादांत खोटें समजावें; अशी अटक आपल्या कायद्यांत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरूनच देशाला हें बजावलें होतें. अशा संशयास्पद फोनाची माहिती 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरील 'चक्षु' या सोयींत द्यावी. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेलेच असतील तर रडत न बसतां ताबडतोब १९३० वर फोन करावा, कारण तेथें प्रत्येक घटका मोलाची असते. व्हॉट्सॲपवरून येणार्‍या फोनाला १९०९ चा उपाय लागू पडत नाहीं. तो नंबर त्या ॲपमध्येंच बंद करून तेथेंच कळवावा.

शेवटीं फोनच्या दुसर्‍या टोकाला असलेल्या माणसाविषयीं दोन शब्द. ठकाची गोष्ट वेगळी. पण विमा विकणारी मुलगी पुष्कळदां पदवी घेऊन, दुसरें काम न मिळाल्यामुळें तेथें बसलेली असते. दिवसाकाठीं ती किती शिव्या ऐकत असेल याची कल्पना करावी. नियम मोडावयास तिला लावणारा मालक तो फोन उचलीत नाहीं. तिच्यावर ओरडून मालकाला शिक्षा होत नाहीं, तक्रारीनें होते. म्हणून त्या घरांत आतां एकच वाक्य ठरलेलें आहे, आणि तें आजोबांनींच सुचविलें आहे: "बाई, आम्हांला नको. हा नंबर मी १९०९ ला कळवीत आहें. नमस्कार." एवढें बोलून ते फोन ठेवतात, चष्मा लावतात, आणि वहींत तारीख व नंबर टिपून घेतात.

फोन अजूनहि कधींमधीं येतातच, पण पहिल्याइतके नाहींत. नातवानें आजोबांच्या फोनाचा मुकेपणा काढून टाकला आहे; आक्कांच्या शेजार्‍यांचे आणि गडहिंग्लजच्या त्या रुग्णालयाचे नंबर नांवानिशीं त्यांत भरून दिले आहेत. दुपारीं फोन वाजला कीं आजोबा तो उचलतात. नको असलेल्याला नको म्हणण्याची रीत सांपडली, म्हणूनच हव्या असलेल्याला "बोला" म्हणण्याचें धैर्य त्यांना परत मिळालें.