कलावंतांची सामाईक वास्तू

चित्रप्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक दालन उभे राहते. पांढऱ्या भिंती, सारख्या अंतरावर टांगलेली चित्रे, दाराशी अभिप्रायाची वही. नाट्यप्रयोग म्हटले की नाट्यगृह आठवते. या दोन्ही ठिकाणी कलाकृती पुरी होऊन येते, आपले ठरलेले दिवस काढते आणि निघून जाते. तिचा जन्म अन्यत्र झालेला असतो. मला आज ज्या प्रकारच्या वास्तूविषयी बोलावयाचे आहे, ती याहून निराळी होय. तेथे चित्रकार दिवसभर रंगवीत असतो, शेजारी नाटकाची तालीम चालू असते, पलीकडे कोणी सतारीवर हात बसवीत असतो. आणि दाखविण्याजोगे काही साधले, की त्याच भिंतींवर चित्रे लागतात व त्याच आवारात प्रयोग होतो. प्रदर्शन हे त्या वास्तूचे प्रयोजन नसून तेथील कामाचे फळ असते.

अशा वास्तूचे आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईची भुलाभाई देसाई स्मारक संस्था. भुलाभाई हे नामांकित कायदेपंडित. लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेच्या अभियोगात त्यांनी बचावाची बाजू मांडली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, 1946 साली, ते निवर्तले. वॉर्डन रोडवर, समुद्राच्या सन्निध, त्यांचा प्रशस्त बंगला होता. त्यांच्या स्नुषा मधुरीबेन देसाई यांनी 1950 च्या दशकात तो कलावंतांसाठी मोकळा केला. सोली बाटलीवाला संस्थेचा कारभार पाहत. स्मारक म्हणून अर्धपुतळा उभारण्याचा सोपा मार्ग त्यांना उपलब्ध होता. तो त्यांनी पत्करला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नाममात्र भाड्यावर तेथे चित्रकारांना स्टुडिओ मिळत. हुसेन तेथे काम करीत, वासुदेव गायतोंडे करीत, नसरीन मोहमदी करीत. पुढे प्रफुल्ला डहाणूकर या नावाने परिचित झालेल्या प्रफुल्ला जोशीही तेथेच काम करीत. इब्राहिम अलकाझी यांच्या 'थिएटर युनिट'चा वावर तेथे होता आणि पंडित रविशंकर यांच्या 'किन्नर' या संगीतशाळेलाही तेथेच आश्रय मिळाला. 1959 साली बाल छाबडा यांनी याच आवारात 'गॅलरी 59' हे कलादालन उघडले. आधुनिक चित्रे विकत घेणारे गिऱ्हाईक त्या काळी विरळाच, त्यामुळे ते फार दिवस चालले नाही. परंतु चित्रकाराची खोली आणि त्याच्या चित्रांचे दालन ही एकाच कुंपणात असावीत, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

अशा सहवासाविषयी बोलताना आपण बहुधा एक चूक करतो. सर्व कलावंत सदैव एकमेकांत मिसळत, चर्चा करीत व परस्परांपासून स्फूर्ती घेत, असे एक गोड चित्र आपण रंगवितो. गायतोंडे यांच्यासारखा एकांतप्रिय मनुष्य अशा गजबजाटात एक दिवसही टिकला नसता. त्या वास्तूचे खरे वैशिष्ट्य असे, की तेथे दार लावून घेण्याची मुभा होती, आणि दार उघडले की समोर नाटक होते. जवळ येण्याची सक्ती नसणे ही कलावंतांच्या सहवासाची पहिली अट होय. समित्या आणि संमेलने भरविणाऱ्या आम्हां सरकारी मंडळींना हे उमगणे जरा कठीण जाते!

मराठी रंगभूमीवर या वास्तूचे ऋण आहे. विजया मेहता यांनी अलकाझींकडे नाट्याचे शिक्षण घेतले होते. 1960 साली त्यांनी, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदी सहकाऱ्यांसह 'रंगायन' स्थापन केले, आणि रंगायनचे प्रारंभीचे प्रयोग भुलाभाई संस्थेत झाले. प्रेक्षक थोडे, बहुतेक वर्गणीदार सभासद, आणि नट हाकेच्याच काय, हाताच्या अंतरावर. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी नटाला स्वर चढवावा लागतो व हातवारे रुंदावावे लागतात. येथे त्याची गरज उरली नाही. स्वर खाली आला, विरामाला अर्थ आला, पापणीची हालचालही दिसू लागली. तेंडुलकरांच्या अर्धवट तुटणाऱ्या वाक्यांना असाच रंगमंच हवा होता. नाट्यलेखनाच्या इतिहासात आपण लेखकांची नावे लिहितो. खोलीच्या लांबीरुंदीचा उल्लेख कोणी करीत नाही. वस्तुतः तो करावयास हवा.

अलकाझी 1962 साली राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक होऊन दिल्लीस गेले. थिएटर युनिटची धुरा सत्यदेव दुबे यांनी घेतली. पुढे संस्था बंद पडली, बंगला पाडला गेला आणि त्या जागी 'आकाशगंगा' नावाची उत्तुंग निवासी इमारत उभी राहिली. माझ्या पिढीला मूळ वास्तू पाहावयास मिळाली नाही. रस्त्याला मात्र भुलाभाईंचे नाव आहे. यात कोणा व्यक्तीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्या घराने दिले त्याने उदारपणे दिले. परंतु कलावंतांचा तेथील वास हा औदार्यावर अवलंबून होता, हक्कावर नव्हे. आणि समुद्रकाठच्या जमिनीचा भाव चढू लागला की औदार्याची परीक्षा फार कठोर होते.

रंगायनमधून बाहेर पडलेल्या अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदी मंडळींनी 1971 साली 'आविष्कार' स्थापन केले. 1974 साली त्यांना दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह मिळाले. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. प्रायोगिक नाटकाची ती चळवळ शाळेच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु तेही उसने छप्पर. 1990 च्या दशकाच्या आरंभी ते सुटले आणि आविष्कारला माहीमच्या एका महापालिका शाळेच्या इमारतीत बिऱ्हाड हलवावे लागले.

मुंबईकरांना जे साधले नाही ते मद्रासच्या कलावंतांनी साधले. शासकीय कलाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक व्यवहारी प्रश्न विचारला: नुसत्या चित्रांवर पोट भरत नसेल, तर काय करावे? त्यांनी बाटिक आणि इतर हस्तव्यवसायांच्या वस्तू तयार करून विकल्या, पैसा सामाईक ठेवला, आणि त्यातून शहराबाहेर, इंजंबाक्कम येथे, समुद्रकाठची ओसाड जमीन घेतली. 1966 साली तेथे 'चोळमंडल' हे कलाग्राम वसले. तेथे राहती घरे आहेत, चित्रे व शिल्पे मांडण्याचे दालन आहे, नृत्य, नाटक व काव्यवाचनासाठी खुला रंगमंच आहे. पणिक्कर 1977 साली वारले तरी गाव राहिले, आणि 2009 साली तेथे मद्रासच्या कलाचळवळीचे संग्रहालयही झाले. जमीन त्यांची स्वतःची होती, हे याचे कारण. आता तीही भूमी ओसाड राहिलेली नाही. शहर तिच्या दारापर्यंत पोहोचले आहे. पण ती विकावी की न विकावी हा निर्णय तेथे काम करणाऱ्यांच्या हाती आहे.

शासनाने काय करावे, असे मला कोणी विचारल्यास मी चोळमंडलाकडे बोट दाखवीन. आपली अनुदाने वर्षापुरती असतात आणि ती कार्यक्रमांसाठी असतात. किती प्रयोग झाले, उपस्थिती किती होती, पावत्या जोडल्या आहेत काय, हे रकाने आम्ही काटेकोरपणे भरून घेतो, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब असा मागावाच लागतो. परंतु ज्या खोलीत सहा महिने काहीच दाखविण्याजोगे घडत नाही, त्या खोलीसाठी आमच्या अर्जात रकाना नसतो. शहरोशहरी महापालिकांच्या शाळा आहेत, अनेक सरकारी वास्तू रिकाम्या पडून आहेत. त्यांतील काही कलावंतांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्याव्यात. एका अधिकाऱ्याच्या मर्जीने दिलेले आणि दुसऱ्याच्या टिपणीने परत घेतलेले छप्पर नको. भाडे नियमित घ्यावे, इमारतीची निगा तपासावी, आणि वर्षाकाठी किती कार्यक्रम झाले पाहिजेत याचे कलम त्या पट्ट्यात घालू नये.