मोजून केलेला अभ्यास

यवतमाळ, पुसद, उमरखेड, आर्णी आणि दिग्रसहून आलेले आर्किटेक्ट आणि सिव्हिल इंजिनिअर, महागावच्या नगरपंचायत हद्दीत आणि आसपासच्या खेड्यांत घरं उभी करणारे सुपरवायझर आणि मिस्त्री, आणि मागच्या रांगांत वह्या घेऊन बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आपल्या व्यवसायाच्या बैठकांत बोलणं बहुतेक वेळा मंजुऱ्या, थकलेली बिलं आणि वाळूचे भाव यांच्याभोवती फिरतं. ते हवंच, त्यावर पोट आहे. पण तालुक्याच्या गावी मेळावा भरतो आणि अध्यक्षानं अभ्यास कसा करावा यावर बोलावं असं संयोजक ठरवतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. मला दिलेला विषय आहे, आर्किटेक्टची परवाना परीक्षा आणि तिची तयारी.

पालकांच्या मनातला एक गोंधळ आधी दूर करतो. भारतात आर्किटेक्ट होण्यासाठी पदवीनंतर अशी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी मिळाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते. कायदा नवा होता तेव्हा, पदवी नसलेल्या पण किमान पाच वर्षं हे काम केलेल्या लोकांनाही त्यानं नोंदणीचं दार उघडं ठेवलं होतं. नोंदणी झाली की ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते, नसेल तर कलम ३७ प्रमाणे लावता येत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. हे कलम उपाधीचं रक्षण करतं, नोंदणी नसलेल्यांना डिझाइनचं काम करायला मनाई करत नाही. म्हणूनच आपल्या गावात घराचा नकाशा कधी आर्किटेक्ट काढतो, बहुतेक वेळा सिव्हिल इंजिनिअर किंवा परवानाधारक सुपरवायझर काढतो, आणि खेड्यात तर मिस्त्री जमिनीवर फक्कीनं आखतो तोच नकाशा. आजचं माझं बोलणं या सगळ्यांसाठी आहे.

परवाना परीक्षा खरोखर द्यावी लागते ती इथून शिकून अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलामुलींना. तिथल्या आर्किटेक्ट रजिस्ट्रेशन एक्झामिनेशनचे सध्या सहा विभाग आहेत. कार्यालय कसं चालवावं, प्रकल्प कसा सांभाळावा, जागेचा आणि गरजेचा अभ्यास, आराखडा, तपशीलवार नकाशे, आणि बांधकाम चालू असतानाची देखरेख. ते कोणत्याही क्रमानं देता येतात. पूर्वी एक विभाग उत्तीर्ण झाल्यावर त्याचे गुण पाचच वर्षं टिकत. लेकरं लहान असलेल्या आया आणि दोन नोकऱ्या करणारे तरुण त्या मुदतीत अडकायचे. २०२३ मध्ये ती पाच वर्षांची अट काढून टाकली गेली, हे चांगलं झालं.

पण त्या परीक्षेतली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. परवान्यासाठी तिथं ३,७४० तासांचं प्रत्यक्ष काम नोंदवावं लागतं. आठवड्याला चाळीस तास धरले तरी पावणेदोन वर्षांहून जास्त. आणि त्या कामाचे सहा भाग परीक्षेच्या सहा विभागांशी जुळवलेले आहेत. म्हणजे दिवसा कार्यालयात जे केलं, त्यावरच संध्याकाळी अभ्यास होऊ शकतो. आपल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामासाठी एक सत्र असतं. एका सत्रात मुलगा दोन स्लॅब पाहतो, एखाद्या साइटवर पाया पाहतो, आणि नोंदणीला जातो. आपल्याकडेही परीक्षा आणा, असा आग्रह मी धरणार नाही. परीक्षा आली की क्लास येतात, क्लास आले की फी येते, आणि महागावचं पोरगं पुन्हा मागं पडतं. नोंदणीआधी प्रत्यक्ष कामाचा काळ मात्र वाढायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता अभ्यासाकडे वळतो. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी नाटा परीक्षा देणारी बारावीची मुलगी असो, पुण्यामुंबईत शिकणारा विद्यार्थी असो, की शिकागोत बसून परवान्याची तयारी करणारा इंजिनिअरचा मुलगा, चूक सगळीकडे एकच दिसते. आपण वाचतो, खुणा करतो, पुन्हा वाचतो. दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं, असा समज होतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याचीच तपासणी केली. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून पुस्तक मिटवलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं पाहिलं तर लिहिणारे पुढं गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. आणि साइटवर निर्णय घ्यायची वेळ तर कित्येक वर्षांनी येते. म्हणून पुस्तक मिटवून लिहिणं हा अभ्यासाचा मुख्य भाग माना. ते लिहिताना त्रास होतो, काही आठवत नाही, मन खट्टू होतं. त्याच त्रासात शिकणं चाललेलं असतं.

आपल्या विषयात मात्र लिहून काढण्यापेक्षाही जास्त खोलवर जाणारा एक मार्ग आहे. तो म्हणजे मोजणं.

नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो, राहत्या घराच्या जिन्यात पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. हे वाक्य दहा वेळा वाचा, परीक्षेच्या हॉलमध्ये १९० आणि २५० यांची अदलाबदल होईलच. आता टेप घ्या आणि तुमच्या घराच्या गच्चीच्या जिन्याची प्रत्येक पायरी मोजा. एक १७० निघेल, एक २१० निघेल, आणि सगळ्यांत वरची, जिथं स्लॅबची जाडी हिशोबात धरायची राहून गेली, ती बहुधा सगळ्यांत वेगळी निघेल. आजी तिथंच का थांबते, भिंत का धरते, ते तुम्हाला कळेल. त्यानंतर १९० हा आकडा विसरता येणार नाही. असाच खोलीचा आकडा : घरात एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि तिची रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नको. तुमची झोपायची खोली मोजा, पलंग आणि कपाट जमिनीवर खडूनं आखा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा. तुमच्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा, दवाखान्याचा उतार मोजून या. काही ठिकाणी एकास पाच निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पण वहीत लिहून ठेवा.

ही रीत मी शोधलेली नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींवर नेत, मोजायला लावत आणि मोजमापाचे नकाशे काढून घेत. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वास्तुरचनेवरच्या त्यांच्या पुस्तकाला अशाच मोजमाप नकाशांचा आधार होता. ज्या विद्यार्थ्यानं खांबाचा पाया, अंग आणि शिर स्वतःच्या हातानं मोजलं, त्याला प्रमाण म्हणजे काय हे व्याख्यानातून सांगावं लागत नाही. आपल्याकडे लेणी आणि मंदिरं दूर आहेत म्हणून हिरमुसायचं कारण नाही. कापसाच्या जिनिंगची जुनी शेड आहे, मातीच्या जाड भिंतींचा वाडा आहे, तांड्यावरचं घर आहे. दुपारी दोन वाजता, मे महिन्यात, त्या वाड्याच्या आतल्या खोलीत आणि पत्र्याच्या नव्या खोलीत थर्मामीटर ठेवा. उष्णता भिंतीतून आत यायला किती वेळ लागतो, हे पुस्तकातलं प्रकरण तिथं तुमच्यासमोर उलगडेल.

आणि जमीन. महागावच्या विद्यार्थ्यानं काळ्या जमिनीच्या प्रश्नावर गुण गमावले तर मला वाईट वाटेल, कारण तो त्याच जमिनीवर वाढला. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांमध्ये हात जातो, आणि हलक्या घराचा उथळ पाया तिच्यासोबत वरखाली होतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. भारतीय मानकात तिची एक साधी चाचणी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यायचे, मोजपट्टी असलेल्या काचेच्या दोन नळ्यांत टाकायचे, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी पाण्यातली माती किती वर चढली आणि रॉकेलमधली किती, ते पाहायचं. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, फरक तेवढा पाण्यामुळे. कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे करता येतं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच जमिनीसाठी खाली फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले. कंदाचा व्यास साधारणपणे दांड्याच्या अडीच पट, आणि तो कंद हलत्या थराच्या खाली, स्थिर जमिनीत बसवायचा. ज्यानं नळीत माती वर चढताना पाहिली, त्याला कंद तिथंच का, हे विचारावं लागणार नाही.

पाण्याचंही तसंच. २२ जुलै २०२३ रोजी आपल्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुराच्या पाण्यानं माणसं अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. इथं बसलेल्या अनेकांनी तो दिवस पाहिला आहे. अमेरिकेतल्या परीक्षेत जागेच्या विश्लेषणाचा विभाग हेच विचारतो : नदी कुठं आहे, पाणी कुठवर येतं, घर कुठं बसवाल? आपल्या राज्यात त्यासाठी निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी साधारणपणे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पूस नदीच्या काठानं, खाली हिवरा संगमापर्यंत, विद्यार्थ्यांना घेऊन चला. म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कोणत्या झाडापर्यंत आलं होतं. ते नकाशावर मांडा. एवढं केलेला विद्यार्थी जगातल्या कोणत्याही परीक्षेत पूर या विषयावर अडणार नाही, आणि पुढं सुपरवायझर झाला तर नाल्याकाठचा प्लॉट पाहून मालकाला वेळेवर नाही म्हणेल.

भूकंपाबद्दल थोडक्यात. जुलै २०२४ मध्ये हिंगोलीकडच्या धक्क्यानं आपल्या भागातली भांडी वाजली. त्या निमित्तानं ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा अभ्यास करा. माणसं दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. त्या भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हा एकच मुद्दा नीट समजला तर बांधणीच्या अर्ध्या नियमांची कारणं आपोआप लागतात.

एकट्यानं हे सगळं जमत नाही, म्हणून गटाबद्दल बोलतो. १९१७ मध्ये मुंबईत प्राध्यापक रॉबर्ट केबल यांच्या माजी विद्यार्थ्यांनी एक छोटी विद्यार्थी संघटना काढली. १९२२ मध्ये तिची बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली, आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. आज देशभर पसरलेल्या या संस्थेचं मूळ काही तरुणांच्या एकत्र बसण्यात आहे. तेव्हा चार जणांचा गट छोटा समजू नका. गटात एकानं नियम समजावायचा, तोही मराठीत, घरी आईला कळेल इतक्या सोप्या शब्दांत. दुसऱ्यानं ‘का?’ विचारत राहायचं. उत्तर मिळालं नाही तर त्या नियमाखाली रेघ मारून रविवारी कुणा जाणत्या इंजिनिअरकडे जायचं. आणि इथले इंजिनिअर त्या रविवारी दार उघडतील, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

नाटाच्या मुलांना एवढंच सांगतो. चित्रकलेचा भाग शेवटच्या महिन्यावर टाकू नका. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर हात बसलेला आहे, आता डोळा बसवा. रोज एक वस्तू समोर ठेवून काढा, नंतर ती झाकून आठवणीतून काढा. बैलगाडीचं चाक, सायकलपाशी उभा राहून सीताफळं विकणारा माणूस, बसस्टँडवरची गर्दी. वेळ लावून काढा, कारण परीक्षेत घड्याळ चालू असतं आणि घरी मात्र आपण ते भिंतीकडे तोंड करून ठेवतो. गणित टाळू नका. आणि आईवडिलांनो, मुलगी शेजारच्या बांधकामावर टेप घेऊन गेली तर तिला परत बोलावू नका. तो तिचा अभ्यास आहे.

संयोजकांशी माझं आधीच बोलणं झालं आहे. या वर्षी महागावातली एक जुनी इमारत पूर्ण मोजून तिचे नकाशे काढायचे : तळमजला, छेद, दरवाजाचा तपशील आणि तिच्या खालच्या मातीची ती नळ्यांची चाचणी. गवंडीकाम करणाऱ्या दोन जुन्या मिस्त्रींनी विद्यार्थ्यांसोबत राहायचं कबूल केलं आहे, आणि त्यांना त्या दिवसांची मजुरी मिळेल. नाव नोंदवायची वही बाहेर टेबलावर आहे. ज्यांच्याकडे तीस मीटरचा टेप आहे त्यांनी नावापुढे तसं लिहावं.