पोटातले जंतू आणि लपलेला रोग



आज आपण एका लपून बसणाऱ्या रोगाची माहिती करून घेऊ.

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तो अन्न पचवणारा रस तयार करतो. रक्तातली साखर ताब्यात ठेवण्याचे कामही करतो.

या स्वादुपिंडाला कधी कधी कॅन्सर होतो. गाठ आत खोल असते. ती हाताला लागत नाही. पहिल्यापहिल्याने फारसे दुखतही नाही. दुखू लागते, तोवर बहुतेकांचा रोग पसरलेला असतो. मग शस्त्रक्रिया करता येत नाही. लवकर कळले, तर जीव वाचण्याची आशा असते. पण कळावे कसे?

दूध विरजते ते जंतूंमुळे. तसे असंख्य जंतू आपल्या आतड्यांतही राहतात. त्यांतले पुष्कळ आपल्या उपयोगाचे असतात. जमीन खारावली की तिच्यावरचे गवत बदलते. शेतकरी ते बरोबर ओळखतो. तसे स्वादुपिंड बिघडले की आतड्यांतले जंतू बदलतात का?

शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. स्पेन देशातल्या १३६ माणसांच्या शौचाचे नमुने घेतले. त्यांतल्या ५७ जणांना हा कॅन्सर होता. २७ जातींच्या जंतूंवरून रोगी बरेचसे ओळखता आले. रोग नवा असतानाही खूण दिसली. जर्मनीतल्या लोकांचे नमुने घेऊन ताळा पाहिला. तोही जमला. जोडीला रक्त तपासले, तेव्हा अंदाज अधिक बरोबर आला. ही माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली.

यावरून जंतूंमुळेच हा रोग होतो असे ठरत नाही. ती फक्त खूण आहे. ही तपासणी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही.

मग तोवर काय करायचे? आम्ही सांगतो त्या खुणा ध्यानात ठेवा. डोळे पिवळे होणे. लघवी गडद आणि शौच पांढुरके होणे. पोटातली कळ पाठीत जाणे. कारण नसताना वजन उतरणे. उतारवयात एकाएकी मधुमेह होणे. यांतले काही दिसले म्हणजे कॅन्सरच झाला, असे नव्हे. पण कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि विडी-तंबाखू सोडा. तिच्यामुळे या रोगाचा धोका वाढतो.

शौचाविषयी बोलायला आपण लाजतो. पण डॉक्टरांनी विचारले, तर मोकळेपणाने सांगा. रोगाचा माग तिथेही लागतो.