लाभार्थी की भागीदार?

मी कवितेतला माणूस. माझं पाऊल शब्दापाशी अडतं. आरोग्याच्या धोरणात एक शब्द सारखा भेटतो : लाभार्थी. म्हणजे ओंजळ पसरून उभा असलेला.

सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथली पहिल्या वर्षाची मुलं पंधरा दिवस खेड्यात मुक्काम करतात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. या संस्थेच्या आरोग्य विम्याचा हप्ता शेतकऱ्यांनी ज्वारीच्या रूपातही भरला आहे. ज्यानं घरची ज्वारी दिली, त्याला जाब विचारायचा हक्क आला. तो लाभार्थी उरला नाही, भागीदार झाला.

२०२२पासून देशभरच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कुटुंबं दत्तक दिली जाऊ लागली. हे चांगलंच झालं. पण विद्यार्थी रक्तदाब लिहून घेत असताना घरची बाई विचारील, ‘उपकेंद्रात गोळ्या का नाहीत?’ त्या प्रश्नाला तक्त्यात रकाना हवा.

महाराष्ट्रात २००७च्या सुमारास आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा बैठकीत सतरंजीवर बसावं. लोकांच्या प्रश्नाला आपल्या अभ्यासाची जोड देऊन तो मंत्रालयापर्यंत न्यावा. आणि मुख्य म्हणजे, मिळालेलं उत्तर घेऊन त्याच उंबऱ्यावर परत यावं. नुसती माहिती नेणारे गावानं पुष्कळ पाहिले आहेत.