पटावरचे आणि वर्गातले

दहावीचा निकाल जाहीर झाला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : कोकण विभाग राज्यात पहिला. २०२४ साली कोकणचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के. त्या वर्षी राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. कोल्हापूरपासून वेगळे होऊन कोकणचे स्वतंत्र मंडळ झाले, तेव्हापासून हा पहिला नंबर आम्ही सोडलेला नाही. मी दापोली तालुक्यातल्या केळशीचा. मलाही या गोष्टीचा अभिमान वाटतो. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे, साधा बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण कविता लिहिणाऱ्याला एक खोड असते. जे लिहिले आहे ते वाचून झाले की, जे लिहायचे राहिले ते तो शोधू लागतो. या टक्केवारीतही काही लिहायचे राहिले आहे.

टक्के काढतात ते कशाचे? कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. परीक्षेला बसणारी मुले पंचवीस-तीस हजारांच्या आसपास. मुंबई विभागात ती तीन लाखांवर जातात. शिवाय मथळ्यात छापला जातो तो नियमित विद्यार्थ्यांचा निकाल. म्हणजे जे शाळेत टिकले, ज्यांचे अर्ज शाळेने भरले, त्यांचा. आठवीत शाळा सुटलेला मुलगा या हिशेबात नसतो. पुढे कधी त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला, तरी त्याची मोजदाद वेगळी होते. परीक्षेच्या दारापर्यंत आलेल्या मुलांचे काय झाले, हे निकाल सांगतो. दारापर्यंत न आलेल्यांचे काय झाले, हे विचारायला दुसरे पुस्तक उघडावे लागते. ते म्हणजे हजेरीपट.

हा शब्द मला फार आवडतो. त्यातली हजेरी अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आली. पट आपला इथला. आमच्या कोकणी मुसलमान घरांत हजेरीला 'हाजरी' म्हणत. शाळेतून आल्यावर माझी आई पहिला प्रश्न विचारी, "हाजरी लागली ना?" काय शिकवले, हा प्रश्न नंतरचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण पट आणि हजेरी यांतला फरक तिला नेमका कळत होता. पटावर नाव असते. हजर असते ते मूल.

हा फरक महाराष्ट्राने एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. नांदेडला तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांचे पट तपासले, आणि पाठोपाठ ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. मतदाराच्या बोटाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावली, एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून. सुमारे वीस लाख नावे अशी निघाली, की पटावर होती आणि वर्गात नव्हती. देशाचे चित्र पाहायचे तर 'असर'ची २०२४ ची पाहणी घ्या. खेड्यांतल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेत घातलेली होती. प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी सरकारी प्राथमिक शाळांत हजर मुले होती सुमारे ७६ टक्के.

आमच्या किनाऱ्यावरच्या गैरहजेरीची कारणे साधी असतात. पावसाळ्यात पऱ्याला पाणी आले आणि साकव बुडाला, की पलीकडच्या वाडीतली मुले घरीच राहतात. शिमग्याला पालखी आली की वर्ग ओस पडतो. तेव्हा हिंदूंची आणि आमची, सगळीच मुले रस्त्यावर असतात. काजू-आंब्याच्या दिवसांत मोठ्या माणसांचे हात अपुरे पडतात आणि लहान हात बागेत जातात. ही गैरहजेरी चार दिवसांची. मूल परत येते.

खरी काळजी वाटते ती कातकरी मुलांची. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात, आणि पोरे त्यांच्याबरोबर. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवून मुलाने जिथे जाईल तिथल्या शाळेत बसायचे. पण भट्टी शाळेपासून लांब असते आणि पत्रक झोपडीत राहते. नाव मात्र आपल्या पटावर टिकून असते. दोन-तीन वर्षे असे झाले की वाचनाचा धागा तुटतो, आणि एका जूनमध्ये ते मूल परत येतच नाही. पहिल्या नंबरच्या कोकणात हे मूल कुठल्याच टक्क्यात दिसत नाही.

माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, आमचे एक गुरुजी हजेरी घेऊन झाली की पट मिटत नसत. जो आला नसेल त्याच्या शेजारच्या घरातल्या मुलाला उभे करीत आणि विचारीत, "तो का नाही रे आला?" उत्तर पटले नाही तर मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातल्या कुणाला तरी त्याच्या घरी पिटाळीत. आठवडा लोटला तर संध्याकाळी स्वतः जात. आमच्या मोहल्ल्यात गुरुजी आले की चहा ठेवला जाई आणि मुलगा माळ्यावर लपे. दुसऱ्या दिवशी तो वर्गात असे. गुरुजींच्या लेखी हजेरी ही चौकशी होती.

आमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले. पावसामुळे मुंबईची बोट नव्हती, म्हणून घाट चढून शंभर मैलांवर चालले. पोहोचल्यावर साहेबांनी ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीसाठी सांगतो. मला त्यात दुसरेही दिसते. मूल कितीही चालले, तरी दाराशी उभ्या असलेल्या माणसाने त्याला हजर मानले पाहिजे. पुढे भारतरत्न होणाऱ्या माणसाचे निभावले. प्रत्येकाचे निभावत नाही.

म्हणून शाळा मुलाजवळ असली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने महाराष्ट्रात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत ठरवली, ती याचसाठी. पण आज वाड्यावाड्यांतल्या शाळांचे पट आटत चालले आहेत. घरे मुंबईला गेली, आखाताला गेली. तीस सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संख्या ठरते. पट कमी झाला की शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की चार पैसे असलेला बाप आपले मूल गाडीत बसवून दुसरीकडे घालतो. आणि पट आणखी उतरतो. २०२३ साली जिल्हा बदलीने शेकडो शिक्षक एकदम रत्नागिरीबाहेर गेले. त्याच वर्षी कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने मांडला. हिशेब म्हणून तो समजतो. पण नकाशावरचे तीन किलोमीटर आमच्याकडे एक डोंगर आणि एक खाडी असू शकतात. मोठी शाळा चांगली होईलही. पण ज्याला गाडीत बसवणारे कुणी नाही, ते मूल तिथे रोज पोहोचेल का, हे आधी विचारायला हवे.

विचारायचे कुणी? कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक आहेत. त्यांनी निकालाच्या टक्क्याशेजारी आणखी एक आकडा फळ्यावर लिहायला सांगावा : दहा वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्या मुलांपैकी दहावीपर्यंत किती पोहोचली? त्याखाली, जी पोहोचली नाहीत त्यांची नावे वाचावीत. आकडा वाचून माणसे पुढे जातात. नाव वाचले की सभेत कुणीतरी म्हणतेच, तो ना, तो अमक्या ठिकाणी भट्टीवर आहे. तिथून पुढचे काम सुरू होते.