वॉरंट आपणहून मिटत नाही

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी एका कोरड्या वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. तालुक्याच्या कोर्टातून निघालेलं पकड वॉरंट शोधायचं कसं आणि रद्द करून घ्यायचं कसं, हा तो विषय. आपल्या केंद्रांवर मारहाण, पोटगी, घरातून हाकललं, अशा तक्रारी घेऊन बायका येतात. ‘माझ्या नावावर वॉरंट आहे’ असं सांगत क्वचितच कुणी येते, कारण बहुतेकींना ते माहीतच नसतं. पोलीस दारात उभा राहतो तेव्हा कळतं.

बाईवर वॉरंट निघालं म्हणजे तिने काहीतरी मोठं केलं असणार, असं वस्तीत बोललं जातं. मी ज्या वॉरंटांबद्दल बोलते आहे ती गैरहजेरीची वॉरंटं आहेत. तारखेला पुकारा झाला, बाई हजर नव्हती, एवढाच त्यांचा अर्थ. ती हजर का नव्हती, हे मात्र रोजनाम्यात लिहिलेलं नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं.

तीन बायका डोळ्यांसमोर आणा. पहिली स्वतःच फिर्यादी आहे. तिने 498 अ ची तक्रार केली. साक्षीची वेळ येते ती कित्येक वर्षांनी. तोवर ती माहेर सोडून शहरात कामाला लागलेली असते. समन्स जातं जुन्या पत्त्यावर. भाऊ ते घेतो आणि फळीवर ठेवून देतो. मग साक्षीदार म्हणून तिच्यावरच वॉरंट निघतं. दुसरीवर दारूबंदी कायद्याखाली केस झाली किंवा कोऱ्या चेकवर सही दिल्यामुळे चेक न वटल्याची केस झाली. जामीन मिळाला, दोन तारखा केल्या. प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडते आणि हाती पुढची तारीख मिळते. तिसऱ्या तारखेला ती गेली नाही. तिसरी बाई इथेच या सभागृहात बसलेली असेल. मोर्चात, रास्ता रोकोत जमावबंदी मोडली म्हणून नाव लागलं, सुटका झाली, आपण विसरलो. कोर्ट विसरत नाही. आंदोलनातले खटले मागे घेण्याची घोषणा सरकारने केली, तरी सरकारी वकिलाने अर्ज करून कोर्टाची संमती घ्यावी लागते. मंत्र्याच्या भाषणाने वॉरंट रद्द होत नाही.

या तिघींमध्ये समान काय आहे? बाईचा पत्ता तिचा स्वतःचा नसतो. तो बापाचा, नवऱ्याचा, भावाचा किंवा घरमालकाचा असतो. घर सुटलं की पत्ता सुटतो. कायद्यानेही हे वर्षानुवर्षं धरूनच चाललं होतं. ज्याच्या नावाचं समन्स ती व्यक्ती सापडली नाही, तर ते घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यावं, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलं होतं. म्हणजे घरात सज्ञान सासू, मुलगी, जाऊ असली तरी कागद घ्यायला ती चालत नव्हती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘पुरुष’ हा शब्द गेला, आता कुटुंबातली कोणतीही प्रौढ व्यक्ती चालते. शब्द गेला, पण समन्स फळीवर ठेवणारा भाऊ अजून तिथेच आहे.

आता मुख्य गोष्ट. वॉरंट जुनं झालं म्हणून मरत नाही. नव्या संहितेचं कलम 72, जुनं कलम 70, सांगतं की कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. पाच वर्षं कुणी आलं नाही म्हणजे मिटलं, ही समजूत सर्वांत घातक. ‘साहेबांशी बोलून मिटवतो’ म्हणून पैसे घेणारे मध्यस्थही याच समजुतीवर जगतात. पोलीस ठाण्याला वॉरंट रद्द करण्याचा अधिकार नाही. त्यांचं काम बजावणीचं. म्हणून चौकशीला बाईला एकटीला ठाण्यात पाठवू नका, चौकशी कोर्टात करा.

शोधायचं कसं? आधी तिच्या पेटीतले कागद काढा. जामिनाच्या वेळचा कागद, जुनं समन्स, वकिलाने चिठ्ठीवर लिहून दिलेली तारीख. ठाण्याचं नाव, गुन्हा नंबर आणि वर्ष मिळालं तरी पुरे. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरच्या ॲपमध्ये केस नंबर, गुन्हा नंबर, पक्षकाराचं नाव किंवा सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक घालून केस सापडते. नावाने शोधताना जपा. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, घरात हाक मारायचं नाव, आणि प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा. एका नावाने केस दिसली नाही म्हणजे केस नाही, असं समजू नका. आणि यंत्रावर दिसलं तेवढ्यावरही थांबू नका. वकिलामार्फत फाईल पाहा, रोजनामा वाचा. वॉरंट जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, कोणत्या तारखेला निघालं, जाहीरनाम्याचा हुकूम झाला आहे का, हे तिथे कळतं.

वकील परवडत नाही, हे उत्तर आपण स्वीकारायचं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच भेटते. 15100 या क्रमांकावरही विचारता येतं.

मग तारखेची वाट न पाहता बाईने आपणहून हजर व्हायचं. धरून आणलेली बाई आणि स्वतः चालत आलेली बाई यांच्याकडे कोर्ट सारख्या नजरेने पाहत नाही. सकाळी कामकाज सुरू होण्याआधी पोचा. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. त्यात गैरहजेरीचं खरं कारण लिहा आणि जोडीला कागद लावा: दवाखान्याची चिठ्ठी, भाडेपावती, कामाच्या ठिकाणचा दाखला. खोटं आजारपण लिहू नका. ‘पत्ता बदलला, समन्स मिळालं नाही’ हे खरं असेल तर ते पुरेसं वजनदार कारण आहे. 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि कोर्ट जाणूनबुजून टाळलं जात असेल तरच अजामीनपात्र वॉरंट. समन्स बजावल्याचा अहवालच फाईलमध्ये नसेल, तर वकिलाला ते कोर्टापुढे मांडायला सांगा.

पण बाईला खोटा धीरही देऊ नका. कोर्ट दंड लावेल, नवा जामीनदार मागेल, जातमुचलका घेईल. क्वचित कोठडीतही पाठवेल. म्हणून जामीनदार सोबत न्या, त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि आधार कार्ड घेऊन. मुलं कुणाकडे राहतील ते आदल्या रात्रीच ठरवा. चालू औषधं पिशवीत ठेवा. आणि पोलीस रात्री आलेच, तर कलम 43 प्रत्येकीला पाठ हवं: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही; अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

वॉरंट रद्द झालं की काम संपलं असं वाटतं. ते तिथे संपत नाही. ऑगस्ट 2002 मध्ये मुंबईत एका माणसाला स्वातंत्र्यदिनी अटक झाली. वॉरंट त्याआधीच रद्द झालेलं होतं. त्या प्रकरणात सप्टेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. प्रत्येक वॉरंटाची नोंद कोर्टाच्या रजिस्टरमध्ये हवी, रद्द झाल्यावर ते न बजावता परत पाठवण्याचा लेखी हुकूम संबंधितांना जायला हवा, आणि त्याची प्रत आरोपीलाही मिळायला हवी. तो माणूस कायदा जाणणारा होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. आपली बाई कुठे जाणार? तेव्हा नक्कल मागा, ती तिच्या पिशवीत ठेवा, एक प्रत केंद्रावर ठेवा, आणि पत्र ठाण्यात पोचलं का ते विचारायला कार्यकर्तीने जावं.

त्याच दिवशी पत्ता बदलल्याचा अर्जही द्या. नव्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक मार्गानेही समन्स पाठवण्याची सोय आहे. पण दिलेला मोबाइल नवऱ्याच्या हातात असेल तर ती सोय बाईच्या कामाची नाही. नंबर तिचा हवा. बाळंतपण, आजारपण, लांबची नोकरी असेल तर वकिलाने तारखेच्या आधी हजेरी माफीचा अर्ज द्यावा. कलम 228 आणि 355 त्यासाठीच आहेत.

याच यंत्रणेची दुसरी बाजू आपण रोज बघतो. पोटगी थकवणाऱ्या नवऱ्यावर वसुलीचं वॉरंट निघतं आणि ‘इसम मिळून येत नाही’ असा शेरा मारून परत येतं. तो इसम त्याच गावात, त्याच पारावर बसलेला असतो. कलम 144 खाली थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, हे विसरू नका. बाईवरचं वॉरंट बजावायला जी तत्परता दिसते, तीच पोटगीच्या वॉरंटाला दाखवा, अशी मागणी आपण ठाण्यात लेखी करायला हवी, आणि त्याची पोच घ्यायला हवी.

शेवटी एक काम सांगते. प्रत्येक केंद्रात एक वही घाला. बाईचं नाव, तिची इतर नावं, कोर्ट, केस नंबर, वकील, आजचा पत्ता, पुढची तारीख. फिर्यादी असो, साक्षीदार असो की आरोपी, तिघींना एकाच वहीत जागा द्या. महिन्यातून एक दिवस दोघी जणी ती वही घेऊन कोर्टात बसा. तारखेच्या आदल्या संध्याकाळी बाईला निरोप द्या, आणि तिची मजुरी बुडणार असेल तर त्या दिवसाच्या भाड्याची सोय गटाने करावी. वॉरंट रद्द करून घेण्यापेक्षा ते निघू न देणं स्वस्त पडतं. आणि त्या वहीतलं पहिलं नाव, मोर्चातली केस आठवत असेल तर, तुमचं स्वतःचं लिहा.