सिंहपुच्छ वानर, बुलबुल आणि जीवदया



पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात दोन जीव शेजारी राहतात. एक सिंहपुच्छ वानर : काळे अंग, मुखाभोवती करडी आयाळ, शेपटीच्या टोकास गोंडा. दुसरा शिपाई बुलबुल : डोक्यावर टोकदार तुरा, गालावर लाल ठिपका, कंठात गोड शीळ. शास्त्रदृष्टीने दोघेही पंचेंद्रिय तिर्यंच, जगण्याची इच्छाही समान. परंतु दोघांवरील दया एकाच मापाने मोजता येत नाही.

बुलबुलास अंगणाचे कुंपणही पुरते. मादी दोन-तीन अंडी घालते, महिन्याभरात पिले उडू लागतात. घरटे मोडले तरी जोडी पुन्हा बांधते. वानराची मादी साधारण सहा-सात वर्षांची झाल्यावर प्रथम माता होते. एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचे दोन-तीन वर्षांनी. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर बुलबुलाचे भांडवल लवकर फिरते, वानराचे एकदा बुडाले की भरून येत नाही. प्रौढ सिंहपुच्छ वानरे आज जगात अडीच हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे, आणि ती केवळ कर्नाटक, केरळ व तमिळनाडूत.

या वानरास सदाहरित अरण्याचे सलग छत लागते. केरळातील सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून लोकांनी दीर्घ लढा दिला, त्यात हेच वानर अरण्याचे प्रतीक ठरले. प्रकल्प १९८३ मध्ये सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

तमिळनाडूतील वालपराई येथे मात्र चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी अरण्याचे तुकडे झाले. मळ्याच्या कडेला बुलबुल सुखाने गातो. वानरास रस्ता ओलांडण्यास जमिनीवर उतरावे लागते. प्रवासी दयाभावाने गाडीतून बिस्किटे, फळे देतात. त्या आशेने वानरे रस्त्यावर थांबतात आणि वाहनाखाली सापडतात. देणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, परिणाम मात्र हिंसेचा होतो. पाखरांसाठी अंगणात पाणी ठेवणाऱ्या हातांनी तेथे हात आखडता घेणे हेच अभयदान आहे.

अभ्यासकांनी तेथे रस्त्यावरून झाडापासून झाडापर्यंत झुलते पूल बांधले आहेत. वानरांचे कळप त्यांवरून ये-जा करू लागले आहेत.